भिंतीकडची कूस

५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पोटाला टाके असताना माणसाने नेमकं झोपावं कसं? तुझ्या अख्ख्या पत्रात हा एकच प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे तू माझा पदवीचा फोटो टांगलास आणि कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस, "आमच्या मास्तरणीला सगळं येतं." तर घे, हे येत नाही. इतकी वर्षं शिकले, इतके पेपर दिले, झोपायचा धडा कुणी घेतला नाही.

काल वर्गात पचनसंस्था होती. फळ्यावर जठर काढलं आणि खडू तिथेच थांबला. तुझं आता केवढंसं उरलंय ते आठवलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, विसरलात का?" आपल्या घरात आजवर कुठल्याही बाईने स्वतःच्या शरीरासाठी काही केलेलं मी पाहिलं नाही. गुडघे गेले तर गेले, श्वास लागला तर लागला. तू वजनाचं ऑपरेशन करून घेतलंस, तेही माझ्या एका सांगण्यावर. मुलींना नाव न घेता तुझी गोष्ट सांगावीशी वाटते.

पण तू जन्मभर पालथी झोपलेली बाई. उशी पोटाखाली, एक पाय चादरीबाहेर, आणि घोरणं असं की कुणी शटर ओढतंय वाटावं. आता ते पालथं झोपणं बरेच दिवस विसर. तूर्त उताणीच झोप, पाठीमागे उशांचा उतार करून. दवाखान्यातल्या सिस्टरना नीट विचारते आणि कळवते. फोन केला असता, पण आपला फोन दुकानात आणि दुकानात गिऱ्हाईक. पोटाचं बोलणं पत्रातच बरं.

तुझी मास्तरीण


११ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

उताणी झोपते. झोपते म्हणजे छताकडे बघते. उशा अशा रचल्यात की मी आडवी आहे की बसलेली तेच कळेना. डोळा लागतो न लागतो तोच खाली घसरते. मग तुझे बाबा येऊन काखेत हात घालून वर ओढतात, धुण्याचं गाठोडं ओढावं तसं. काल म्हणतात कसे, "आधी गाठोडं मोठं होतं ते बरं होतं, धरायला तरी यायचं." भाऊ आहे की वैरी!

एक सांगायचं राहिलं. रागावशील म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नाही. बाबांनी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय की मी परगावी गेलेय. "पोट कापून बारीक व्हायला निघाली" म्हणून लोक हसतील म्हणे. झालं. तेव्हापासून परगावी गेलेली बाई पडद्यामागे पडून आहे. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. समोरची टेलरीण परवा विचारत होती, "ताई कधी येणार हो? तुमच्या हातची घडी म्हणजे मांडीवर झोपलेलं पोर, मोडवतच नाही." मी आत तोंडावर उशी दाबून हसले तर टाके ओढले.

तरी माझा खोकला बाहेर जायचाच. म्हणून बाबांनी पलंगच फिरवून टाकला. पलंग जागच्या जागी, पण उशाला पाय आणि पायथ्याला डोकं. आता मी खिडकीकडे डोकं करून असते, घरात पाहुणी आल्यासारखं सगळं उलटं दिसतं.

सूप पिते. चमच्याने पिते. एवढंसं पोट, पण मिजास बघ, दोन चमच्यांत "बस" म्हणतं. असं पोट मला आधी का नाही मिळालं? सिस्टर काय म्हणतात ते लवकर लिही. उताणी झोपून माणूस मेल्यासारखं वाटतं.

तुझी आत्या


१७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

रागावलेच आहे. तुझ्यावर नाही. बाबांना माझा निरोप सांग, लपवावं असं तू काहीही केलेलं नाहीस. लोक चोरी लपवतात. तू चोरी केलीस का? आजाराला तोंड दिलंस. मी इथे मुलींना रोज सांगते की आपल्या शरीराची लाज बाळगायची नाही, आणि माझ्याच घरात माझी आत्या पडद्यामागे शिंक दाबून बसलीय.

पण तू फिरवलेल्या पलंगाचं लिहिलंस ते वाचून इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या गणिताच्या बाई बघायला आल्या.

आता उत्तर. शाळेच्या कचेरीतून सिस्टरशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, वरचे टाके भरलेत, आता कुशीवर वळायला हरकत नाही, पण डाव्याच कुशीवर. उजवीकडे झोपलं की पोटातलं आंबट पाणी घशाशी चढतं, डावीकडे झोपलं की खाली राहतं. पण मी तुला डावं-उजवं लिहून गोंधळात टाकत नाही. आपल्या घरात ते कुणाला कळलंय? बाबा अजून सायकल वळवताना हाताकडे बघतात. आपण दोघी त्याच पलंगावर झोपायचो, भिंतीकडे मी आणि दाराकडे तू, आणि घरात एवढ्याच दोन दिशा होत्या. तू म्हणायचीस, "भिंतीकडे वळ, पाठ चेपते."

तर आपल्या भाषेत सांगते. भिंतीकडे तोंड करून झोप. दाराकडे वळायचं नाही. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाशी, एक पाठीशी. आणि हे नीट पाळ. तू सगळ्यांचं ऐकतेस आणि शेवटी आपल्या मनाचं करतेस, तसं नको.

तुझी मास्तरीण


२४ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईस आशीर्वाद.

तू लिहिलंस तशीच झोपते. भिंतीकडे तोंड, तीन उशा. छान झोप लागते. तुला चिंता नको.

भिंत इतकी जवळून मी कधी बघितली नव्हती. इतकी वर्षं माझं तोंड दाराकडे. कोण आलं, कोण गेलं, दुधाचं भांडं कुठे ठेवलं, सगळं झोपेतसुद्धा कळायचं. आता भिंत. श्वास सोडला की ती परत तोंडावर टाकते. पोपडे सुटलेत, त्यांचे आकार पाठ झाले. तू लहानपणी भिंतीला पाय टेकवून झोपायचीस, त्या तळव्यांचे मळके डाग अजून आहेत. अगदी नाकासमोर. आपण भिंतीला रंग दिलाच नाही ना. पाच बोटं पाचांच्या जागी. त्यांच्याकडे बघत पडते, मग वाटतं, पोर जवळ आहे.

घशाशी जरा येतं. मिरची न खाता मिरची लागते. तेही होईल बरं, नवं अंग आहे, शिकायला वेळ लागणारच. मध्ये एकदा अंग आपोआप दाराकडे वळलं. बरं वाटलं गं, काय सांगू. पण लगेच तुझं पत्र आठवलं आणि चोर पकडावा तशी मीच मला धरून परत भिंतीकडे फिरवली. बघ, आत्या किती गुणाची झालीय.

दुकानात बाबा शर्टांच्या कॉलरी करपवतात. वास येतो तेव्हा कळतं. आतून ओरडायची सोय नाही, मी परगावी आहे.

तुझी आत्या


३१ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तळव्यांच्या डागांपाशी आले आणि डोळे भरून आले.

झोप लागतेय हे वाचून किती बरं वाटलं! मी सिस्टरनाही कळवलं, त्यांनी शाबासकी दिलीय. घशाशी येतं म्हणतेस ते थोडे दिवस राहील असं त्या म्हणाल्याच होत्या. अंग आपोआप दाराकडे वळतं ती जुनी खोड. खोडीशी भांडावंच लागतं. मी आमच्या मुलींना हेच सांगते, सोपं वाटतं ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. दाराकडे वळू नकोस हं, एकदाही नको. तू हे जमवलंस तर मला तुझा किती अभिमान वाटेल!

इथे परीक्षा तोंडावर आहे. पेपर काढायचे, मुलींच्या वसतिगृहाची पाळीही माझ्याकडे. पुढच्या महिन्यात येता येईल असं दिसत नाही. तोवर तू अशीच गुणाची राहा.

तुझी मास्तरीण


६ सप्टेंबर

चि. पोरीस,

मला लिहायची सवय नाही, समजून घे.

तुझी आत्या तुला खोटं लिहिते. ती झोपत नाही. पलंगावर आडवी झाली की घसा जळतो, उठून बसते. दुपारी दुकान बंद केलं की स्टुलावर येऊन बसते आणि इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकते. रात्री शटर ओढल्यावर परत तेच. तेवढीच काय ती तिची झोप. पाणी कमी पिते, प्यायलं की जळतं म्हणते. चेहरा उतरलाय. वजनाने उतरतो तसा नव्हे.

मी म्हटलं, अगं बाई, दाराकडे वळून तर बघ. तर म्हणाली, "दादा, ती डॉक्टरांकडे विचारून लिहिते. तू कुणाला विचारून बोलतोस?" तुझं पत्र तिने भिंतीला डकवलंय, डोळ्यांपुढे. जळायला लागलं की ते वाचते आणि परत भिंतीला तोंड लावते.

दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, "दुकानासमोरून कशी जाऊ, मी परगावी ना?" ते पाप माझं. आता खरं सांगावं तर लोक म्हणतील इतके दिवस का लपवलं. मी माझ्या बोलण्यात अडकलोय, ती तुझ्या लिहिण्यात अडकलीय. माझं मी बघतो. तू मारलेली गाठ तूच सोड, तिला माझ्या हाताने सुटत नाही.

तुझे बाबा


१० सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तू उठलीस की उशाशी सापडेल. मी पलीकडे दुकानात आहे, हाक मारलीस तर ऐकू येईल. तरी लिहितेय, कारण माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या लिहिण्यावर तुझा जास्त विश्वास आहे. तोच आज मला मोडायचा आहे.

बाबांचं पत्र आलं तेव्हा मी पेपर तपासत होते. वाचून आधी मला तुझाच राग आला. झोप लागते म्हणून लिहिलं कशाला? मग तुझी पत्रं काढली आणि तळव्यांच्या डागांपाशी पुन्हा आले. या वेळी डोळे भरले नाहीत. डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्या, माझ्या पायांचे डाग तुझ्या नाकासमोर कसे? मी झोपायचे तेव्हा माझे पाय पायथ्याला होते. म्हणजे तुझं तोंड आता माझ्या पायांच्या जागी आहे. म्हणजे पलंग फिरला तशी भिंतही फिरली. तेव्हाची डावीकडची भिंत आता तुझ्या उजवीकडे आहे. सिस्टर म्हणाल्या डावी कूस, मी लिहिलं भिंत, आणि तुला नेमकी नको त्या कुशीवर इतके दिवस झोपवली. पलंग फिरवल्याचं तू लिहिलं होतंस. मी हसले होते.

लगेच फोन केला. बाबांनी उचलला. म्हटलं, "बाबा, तिला दाराकडे वळवा, आत्ताच्या आत्ता!" तर बाबा म्हणतात, "हो हो, शर्ट उद्या मिळतील." समोर गिऱ्हाईक असणार. मी म्हटलं, "आत्याला द्या फोन." तर, "त्या परगावी गेल्यात." मला, सख्ख्या मुलीला! थोड्या वेळाने त्यांनीच फोन केला. "सांगितलं तिला. ऐकत नाही. म्हणते, फोनवर पोर घाईत काहीही बोलते, लिहून येऊ दे."

पत्र पोचायला लागणारे दिवस मला मोजवेनात. रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"आजारी कोण?"

"आत्या."

"आत्यासाठी रजा नसते गं. आई, वडील, नवरा, मूल, एवढंच."

"आईची जागा तिनेच घेतली बाई, मी चालायला लागले त्याच्या आधी."

"मग आई लिही की. मी डोळे मिटून सही करते."

त्या प्रेमानेच म्हणाल्या. मी पेन हातात घेऊन उभी राहिले. आई लिहिलं असतं तर तू आणखी एका ठिकाणाहून नाहीशी झाली असतीस. दुकानात तू परगावी, अर्जात तू नाहीसच. मी आत्या असंच लिहिलं, अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला, पेपरांचा गठ्ठा गणिताच्या बाईंकडे दिला आणि निघाले. मुख्याध्यापिकाबाई मागून म्हणाल्या, "हे बिनपरवानगी होतंय." मी म्हटलं, "हो, बाई." परत घेतील की नाही ते तेव्हाचं तेव्हा.

पुढचं तुला माहीतच आहे, पण तू अर्धवट झोपेत होतीस म्हणून लिहून ठेवते. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत आले तर तू स्टुलावर, गाल टेबलावरच्या घोंगडीत रुतलेला. हाक मारली तर डोळे न उघडता म्हणालीस, "दुकान बंद आहे, चारला या."

"आत्या, मी आहे."

"शाळा बुडवलीस?" डोळे उघडायच्या आधी हेच!

"बुडवली. चल पलंगावर."

"भिंतीकडेच वळेन गं. पाच मिनिटं इथे टेकले होते, शप्पथ. तू लिहिलेलं मोडत नाही मी."

आत्या, माझ्यापुढे तू अशी बोललीस, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी. घर तू चालवलंस. मला पायावर उभं केलंस, बाबांना सावरलंस, इस्त्री हातातून सोडली नाहीस. आणि माझ्या एका पत्रापुढे तू शपथा घेत होतीस.

"भिंतीकडे नाही," मी म्हटलं. "इस्त्री धरतेस तो हात वर ठेवून झोप."

तू दोन्ही हात पुढे करून बघितलेस. "म्हणजे दाराकडे?"

"हो."

"मग पत्रात?"

"पत्र चुकलं."

"कुणाचं?"

"माझं."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू इस्त्री गार होऊनही कपडा करपला. मग हळूच म्हणालीस, "म्हणजे माझं अंग बरोबर होतं की काय?"

बाबा पडद्याशी उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. तू मात्र पलंगावर चढता चढता म्हणालीस, "सांगत होतं बिचारं, मीच त्याला गप्प बसवत होते." मग इस्त्रीचा हात वर ठेवून दाराकडे तोंड केलंस. मी उशा लावायला गेले तर माझा हात झटकलास. "थांब, मला बघू दे कुठे लागतात त्या." गुडघ्यांमधली काढून टाकलीस. पाठीची ठेवलीस. पोटाशी उशी नको म्हणालीस, पांघरुणाची घडी घेतलीस, तुझ्या हातची, कडक. दोनदा सरकलीस. मग जरा वेळाने शटर ओढल्याचा आवाज आला. बाबा दचकून दुकानाकडे बघायला गेले. शटर नव्हतं ते.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुझ्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी पत्रातून देणार नाही. जिना कधी चढायचा, टेबलाशी कधी उभं राहायचं, टेलरणीला काय सांगायचं, पडदा ठेवायचा की काढायचा, यातलं काहीही मी लिहिणार नाही. मला वाटायचं, मी शिकले म्हणजे घरातला एक दिवा लागला. तू त्या दिव्याकडे बघून चाललीस आणि भिंतीवर आपटलीस. मुलींना मी सांगते की तुमचं शरीर तुमचं आहे, आणि तुझं मात्र इतके दिवस माझ्या अक्षरात अडकून होतं.

घरी यायच्या आधी मी दवाखान्यात गेले होते. घसा जळतो, पाणी पीत नाहीस, सगळं सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्याच दाखवायला आणा, पण काय होतंय ते पेशंटच्या तोंडून ऐकायला हवं. मग त्यांनी तुझी फाईल काढली. वर लिहिलं होतं, सूचना कुणाला द्यायच्या, आणि खाली माझं नाव. त्यांनी विचारलं, "पेशंटला वाचता-लिहिता येत नाही का?"

"येतं. छान येतं."

"ऐकू कमी येतं?"

"नाही हो."

"मग तुमचं नाव कसं?"

मी म्हटलं, "घरात पदवीधर मीच, म्हणून." माझं मलाच ते किती पोकळ वाटलं!

तुझ्याच तोंडून ऐकायला त्यांचा फोन आज चार वाजता येईल. तो दुकानात येतो, तुला माहीत आहे. बाबांना सांगितलंय, ते उचलणार नाहीत. मीही नाही. पडद्याबाहेर येऊन तू उचललास तर उचल, नाहीतर वाजून वाजून थांबेल, आणि तेही तुझंच ठरवणं असेल.

रागावशील कदाचित. हेही मी तुला न विचारताच केलं. तुला न विचारता केलेली माझी ही शेवटची गोष्ट. फाईलवरचं माझं नाव खोडून तिथे मी तुझं लिहून आलेय.

तुझी
भाची